रात्रपाळीचा खर्च कोण उचलणार?

बोळिंज नाक्यावर रात्री दोन वाजताही रिक्षा मिळते. खरी अडचण रिक्षात बसल्यावर सुरू होते. घरात कुणाला कळा लागलेल्या असतात, कुणाच्या वडिलांच्या छातीत दुखत असतं, कुणाच्या बाळाला तापात झटका आलेला असतो. ‘कुठे घेऊ?’ असं रिक्षावाला विचारतो आणि मागे बसलेली माणसं एकमेकांकडे पाहतात. जवळचं नर्सिंग होम पाच मिनिटांवर आहे, पण तिथे आधी अनामत भरावी लागेल. आगाशीचं प्राथमिक आरोग्य केंद्रही जवळ, पण तिथे अशा वेळी मोठा डॉक्टर मिळेल का? नालासोपाऱ्याला तुळिंजचं महापालिका रुग्णालय आहे, वसई गावात सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे. तिथूनही ‘पुढे न्या’ असं सांगितलं, तर मग महामार्गानं मुंबई.

या एका प्रश्नात आपल्या सार्वजनिक आरोग्याचा सगळा अर्थसंकल्प सामावलेला आहे. सरकार आरोग्यावर पैसा खर्च करत नाही असं नाही. योजना आहेत, कार्डं आहेत, इमारती आहेत, उद्घाटनांच्या कोनशिला आहेत. पण रात्री दोन वाजता रुग्णाच्या उशाशी जागं असणारं शिकलेलं माणूस, चालू स्थितीतलं यंत्र आणि तपासलेली वायरिंग यांसाठी कायमचा, दरमहा, न चुकता येणारा पैसा फार थोडा आहे. हा लेख त्या पैशाबद्दल आहे.

गावाचं शहर झालं

बोळिंज हे मूळचं वसईच्या हिरव्या पट्ट्यातलं गाव. आगाशी, नानभाट, उमराळे, गास ही शेजारची गावं. वाड्या, केळीच्या बागा, विहिरी, पानवेली आणि पहाटेच्या गाडीनं मुंबईला जाणारी भाजी. विरार स्टेशनच्या पश्चिमेला इमारती सरकत आल्या आणि वाड्यांच्या कडेला संकुलं उभी राहिली. म्हाडाच्या कोकण मंडळानं इथेच सुमारे १० हजार घरांची वसाहत उभारली. घरं तयार होती, पाणी नव्हतं. हजारो घरं वर्षानुवर्षं विकली गेली नाहीत. सूर्या प्रादेशिक योजनेचं पाणी वसई-विरारला मिळू लागलं ते २०२३च्या अखेरीस. तहान लागल्यावर विहीर खोदायची म्हणजे काय, हे या वसाहतीनं जवळून पाहिलं. आरोग्याच्या बाबतीत आपण आजही तेच करतो आहोत.

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं एकत्र आली. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. त्यानंतर जनगणना झाली नाही, पण विरार लोकलच्या दारात उभं राहणाऱ्या कुणालाही शहर किती वाढलं हे आकड्याशिवाय कळतं.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ६३ महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं सांगतं. सार्वजनिक रुग्णालयं आणि दवाखाने बांधणं व चालवणं हे त्यातलं एक. रस्त्यावरचे दिवे आणि सांडपाणी जितकं बंधनकारक, तितकंच रुग्णालय. पण कर्तव्य कायद्यानं दिलं तरी तिजोरी तशीच दिली असं झालं नाही. महापालिकेला हातखर्चाचा म्हणावा असा पैसा स्थानिक संस्था करातून मिळत होता. १ ऑगस्ट २०१५ला तो बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर आला आणि त्याच्या बदल्यात राज्याकडून भरपाईचं अनुदान येऊ लागलं. स्वतःच्या हातात उरली ती मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांतून येणारी रक्कम. इमारती उठल्या की पैसा येतो, बांधकाम मंदावलं की आटतो. परिचारिकेचा पगार असा भरती-ओहोटीवर चालत नाही.

यात आणखी एक गोष्ट घडली. जून २०२०मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची पाचहून अधिक वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. करोनाच्या दोन्ही मोठ्या लाटा, त्यातली रुग्णालयं, त्यातले मृत्यू आणि त्यानंतरचे आरोग्याचे अर्थसंकल्प, हे सगळं लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाशिवाय पार पडलं. आमच्या प्रभागातल्या दवाखान्यात औषध का नाही, असं भर सभेत विचारणारं कुणी नव्हतं.

पैसा येतो त्या तीन वाटा

सरकारी आरोग्यसेवेचा पैसा तीन वाटांनी येतो, आणि प्रत्येक वाटेचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली वाट जुनी. राज्य सरकार, जिल्हा परिषद किंवा महापालिका आपल्या अर्थसंकल्पातून मंजूर पदांचे पगार, इमारत, औषधं, वीजबिल यांचा खर्च करते. रुग्ण येवो न येवो, दवाखाना उघडा असतो, कारण त्याचा खर्च आधीच ठरलेला असतो. आगाशीसारखी प्राथमिक आरोग्य केंद्रं या वाटेवर उभी राहिली. दाई, लसटोचक, मलेरियाचे कर्मचारी, पुढे एएनएम सिस्टर, असा हा जुना कणा. हाच कणा आता सर्वांत जास्त झिजला आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेवरचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२४मध्ये विधिमंडळात मांडला गेला. परिचारिकांची सुमारे ३५ टक्के पदं रिकामी असल्याचं त्यात नोंदवलेलं आहे. तीन खुर्च्यांपैकी एकीवर कुणी बसलेलंच नाही.

दुसरी वाट केंद्र पुरस्कृत अभियानांची. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३मध्ये मंजूर झालं. सुमारे ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, हे त्याचं सूत्र. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. वसई-विरारसारख्या नव्या शहराला यानं मोठा आधार दिला, हे मान्यच करायला हवं. गरोदरपणाची नोंदणी, बाळाचं लसीकरण, क्षयरोगाची औषधं, रक्तदाब आणि साखरेची तपासणी ही कामं याच केंद्रांतून होतात. लसीकरणाच्या दिवशी तिथे थोडा वेळ थांबून पाहावं. शीतपेटीत बर्फाच्या पॅकमध्ये ठेवलेल्या कुप्या, दारात लिहिलेलं तापमान, माता-बाल संरक्षण कार्डावर पुढच्या तारखेला केलेला पेनाचा गोल, डावा दंड की डावी मांडी हे न विचारता ओळखणारी सिस्टर, आणि लस दिल्यावर बाळाला अर्धा तास इथेच बसवा म्हणून पुन्हा पुन्हा सांगणं. शिस्तीनं चालणारं सरकारी काम कसं असतं हे बघायचं असेल तर ते इथे दिसतं.

पण या वाटेवरच्या नोकऱ्या बहुतांश कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांचा करार, मग नवा करार. ऑक्टोबर २०२३मध्ये राज्यभरचे अभियानाचे कंत्राटी कर्मचारी कायम करण्याच्या मागणीसाठी संपावर गेले होते. दहा वर्षं सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय मार्च २०२४मध्ये निघाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी २०२५मध्ये पुन्हा संप करावा लागला. ज्या सिस्टरला वस्तीतली प्रत्येक गरोदर बाई नावानं माहीत आहे, तिला स्वतःच्या नोकरीचं पुढचं वर्ष माहीत नसतं.

यालाच जोडून पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत ७०,०५१ कोटी रुपयांचं आरोग्य अनुदान दिलं. शहरांमध्ये छोटी आरोग्यवर्धिनी केंद्रं उभी करण्याची तरतूद त्यात होती. १ मे २०२३पासून राज्यभर सुरू झालेला ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ हाही कामावरून परतणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून आखला गेला. दुपारी २ ते रात्री १० ही त्याची वेळ.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र ही मुळात बाह्यरुग्ण सेवा आहे, तिथे खाटा अभिप्रेत नाहीत. आपला दवाखाना रात्री दहाला बंद होतो. म्हणजे गेल्या दशकात शहरासाठी सरकारनं जी नवी आरोग्यसेवा उभी केली, ती जवळपास सगळी रात्री दहापूर्वीची आहे. रात्री दहा ते सकाळी नऊ हे अकरा तास मोजक्या महापालिका रुग्णालयांवर, १०८च्या गाडीवर आणि खासगी नर्सिंग होमवर सोडलेले आहेत.

तिसरी वाट विम्याची आणि पॅकेजची. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. त्याआधी रुग्णालयांत काय घडलं ते सांगायला हवं.

तीन आगी

२३ एप्रिल २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेचा कडेलोट झालेला. विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ या खासगी कोविड रुग्णालयात पहाटे तीनच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. वातानुकूलन यंत्रणेत स्फोट होऊन ती भडकल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. १३ रुग्णांचा त्या पहाटे जीव गेला. प्राणवायूवर असलेली माणसं उठून पळू शकत नाहीत. त्यांना कुणीतरी उचलून बाहेर काढावं लागतं. गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या, चौकशी लागली, मदत जाहीर झाली. दोनच दिवस आधी नाशिक महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले होते.

विरारची घटना खासगी रुग्णालयातली म्हणून सरकारी रुग्णालयं सुटत नाहीत. त्याच वर्षी ९ जानेवारीला, अशाच मध्यरात्रीनंतरच्या वेळी, भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागून १० बाळं गेली होती. आणि ६ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात ११ रुग्ण दगावले. एका वर्षात तीन आगी: एक खासगी, दोन सरकारी. तिन्ही अशा कक्षांत, जिथे सर्वांत महागडी यंत्रं असतात आणि जिथला रुग्ण सर्वांत असहाय असतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६चा आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, इमारतीच्या मालकानं किंवा भोगवटादारानं द्यायचं असतं. कायदा पुरेसा स्पष्ट आहे. पण प्रमाणपत्रामागे प्रत्यक्ष काम लागतं. दर सहा महिन्यांनी विजेचा भार मोजायचा, जुन्या वायरी बदलायच्या, पंप चालवून बघायचा, रात्रपाळीच्या सेवकांकडून रुग्ण बाहेर काढण्याचा सराव करून घ्यायचा. या कामाचं उद्घाटन होत नाही, त्याची कोनशिला बसत नाही. म्हणून सरकारी अर्थसंकल्पात ‘देखभाल व दुरुस्ती’ हे सदर सर्वांत आधी कापलं जातं, आणि खासगी रुग्णालयाच्या खर्चात ते सर्वांत शेवटी येतं.

आता माणसांचा हिशेब. अतिदक्षता विभागात गंभीर रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असा मान्य निकष आहे. १० खाटांचा विभाग धरू. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या २१. म्हणजे आठवड्याला २१० पाळ्या भराव्या लागतात. एक परिचारिका आठवड्याला सहा पाळ्या करते, म्हणजे ३५ परिचारिका झाल्या. रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी ३० टक्के राखीव धरले की आकडा ४५वर जातो. निकष निम्म्यावर आणला, एका परिचारिकेकडे दोन रुग्ण दिले, तरी २२-२३ जणी लागतात. १० खाटांच्या विभागाचं उद्घाटन होतं तेव्हा फलकावर खाटा आणि यंत्रं लिहिलेली असतात. या ४५ जणींच्या पदांना मंजुरी आहे का, त्यातली किती भरली, पगार कोणत्या सदरातून, हे कुठेही लिहिलेलं नसतं. रुग्णाच्या दृष्टीनं मात्र तो विभाग म्हणजे त्या ४५ जणीच.

पहिल्या मजल्यावरचं नर्सिंग होम

आता त्या पाच मिनिटांवरच्या नर्सिंग होमकडे वळू. विरार-बोळिंज पट्ट्यात सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर, खाली औषधाचं दुकान, वर दहा-पंधरा खाटा, अशी ही रुग्णालयं. बरीचशी नवरा-बायको डॉक्टरांनी कर्ज काढून उभारलेली. सार्वजनिक रुग्णालय दूर असताना इथल्या हजारो बाळंतपणांचा, डेंग्यूच्या तापांचा, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियांचा भार त्यांनीच उचलला आहे. त्यांना खलनायक ठरवून काही साधणार नाही. सरकारनं रिकामी सोडलेली जागा त्यांनी भरली, आणि त्या जागेची किंमत रुग्णाच्या खिशातून वसूल होते, हे वास्तव आहे.

बिल जवळून पाहिलं की ती किंमत कळते. खाटेचं भाडं, डॉक्टरांच्या भेटीचे पैसे, परिचर्या शुल्क, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, प्राणवायू तासाप्रमाणे, खालच्या दुकानातून आणलेली औषधं आणि हातमोज्यांपासून सलाइनच्या नळीपर्यंतचं साहित्य. घरचा माणूस चिठ्ठी घेऊन जिन्यानं खाली-वर करत राहतो. पैसे कमी पडले की आधी बहिणीला फोन, मग कामावरच्या शेठला, मग मंगळसूत्र. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होतं. घट खरी आणि स्वागतार्ह आहे. सरकारी खर्चही सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. पण २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५पर्यंत २.५ टक्के गाठण्याचं ठरवलं होतं, आणि राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचे ८ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करावेत असंही म्हटलं होतं. महाराष्ट्रासारखं श्रीमंत राज्य अजून ५ टक्क्यांच्या आसपास घुटमळतं आहे.

या रुग्णालयांवर देखरेख ठेवणारा कायदा १९४९चा, मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम. महापालिकेच्या हद्दीत नोंदणी महापालिकेकडे, ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे. सुधारित नियम जानेवारी २०२१मध्ये आले. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, पंधरा बाबींचे दर फलकावर लिहावेत, तक्रारीसाठी निःशुल्क दूरध्वनी आणि कक्ष असावा, अशा तरतुदी त्यात आहेत. महिनाभरात प्रत्येक नर्सिंग होमची तपासणी होऊ शकेल इतकी माणसं महापालिकेच्या आरोग्य विभागात असतील, तर हे नियम कागदावरून भिंतीवर येतील. ज्या विभागाला स्वतःच्या दवाखान्यात डॉक्टर पुरत नाही, तो दुसऱ्याच्या दवाखान्याची तपासणी कधी करणार? देखरेख हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे, आणि तिलाही पैसा लागतो.

दर ठरवता येत नाहीत, असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण आहे. २१ मे २०२०च्या अधिसूचनेनं राज्य सरकारनं खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले होते: साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. लेखापरीक्षक नेमून बिलं तपासली गेली, काही ठिकाणी जादा घेतलेले पैसे परतही करायला लावले. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, पण सरकारनं ठरवलं तर काय होऊ शकतं हे लोकांनी पाहिलं.

योजनेची खिडकी

आता ती तिसरी वाट. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३मध्ये राज्यभर गेली आणि २०१७मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. जुलै २०२३च्या निर्णयानं तिची व्याप्ती सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत नेली. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचं संरक्षण आणि १,३५६ उपचार त्या निर्णयात होते. रुग्णालयाच्या दाराशी आरोग्यमित्राचं टेबल असतं. तिथे शिधापत्रिका आणि आधार दाखवायचं, कागद वर जातात, पूर्वमंजुरी येते, मग पॅकेजमध्ये उपचार होतात. बायपास, कर्करोग, डायलिसिस यांसाठी या योजनेनं अगणित घरं कर्जातून वाचवली आहेत. ती बंद व्हावी असं कुणीही म्हणू नये.

पण तिचा स्वभाव ओळखायला हवा. हा पैसा आजार झाल्यावर, रुग्ण दाखल झाल्यावर, यादीतला उपचार झाल्यावर येतो. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी आणि रक्तदाबाची रोजची गोळी यांना पॅकेज नाही. मूत्रपिंड निकामी झाल्यावर डायलिसिसचे पैसे मिळतात. ते निकामी होऊ नये म्हणून पंधरा वर्षं घ्यायच्या गोळीची सोय पहिल्या दोन वाटांवरच करावी लागते. दावे थकल्याच्या तक्रारी रुग्णालयं वेळोवेळी करतात, आणि लहान नर्सिंग होमला चार महिन्यांचं येणं अंगावर घेऊन परिचारिकांचे पगार देणं झेपत नाही. म्हणून यादीत नावं असतात ती बहुधा मोठ्या रुग्णालयांची. बोळिंजच्या पहिल्या मजल्यावर ही योजना क्वचितच पोहोचते.

आपल्या पालघर जिल्ह्याच्या सीमेपलीकडेच केसमागे पैसे देण्याचा एक मोठा प्रयोग झाला. गुजरातनं २००५च्या अखेरीस चिरंजीवी योजना सुरू केली. गरीब बायकांची बाळंतपणं करण्यासाठी खासगी प्रसूतितज्ज्ञांना दर शंभर बाळंतपणांमागे सुमारे १ लाख ८० हजार रुपये सरकार देई. योजनेचं जगभर कौतुक झालं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१४मध्ये आलेल्या अभ्यासानं मात्र दाखवलं, की दवाखान्यातल्या बाळंतपणांच्या प्रमाणात किंवा घरच्यांच्या खर्चात या योजनेमुळे लक्षणीय फरक पडल्याचं दिसत नाही. बाळंतपण मोफत म्हटलं, तरी औषधं, जाण्यायेण्याचा खर्च आणि वरचे पैसे लोक देतच राहिले. केवळ केसमागे पैसे मोजले, तर सेवा उभी राहतेच असं नाही.

थायलंडनं २००२च्या सुमारास दुसरी वाट धरली. सर्वांसाठीच्या त्यांच्या योजनेत जिल्हा पातळीवरच्या आरोग्ययंत्रणेला तिच्याकडे नोंदलेल्या माणसांच्या संख्येप्रमाणे वर्षाची रक्कम आधीच दिली जाते. माणूस आजारी पडला नाही तरी पैसा येतो, म्हणून रुग्ण नसतानाही परिचारिका असते, आणि माणूस आजारी पडू नये यात यंत्रणेचाही फायदा असतो. त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी ग्रामीण रुग्णालयं बांधण्यात आणि माणसं नेमण्यात घातली होती, हे विसरता कामा नये. विमा नंतर आला, रुग्णालय आधी उभं राहिलं.

मुंबईच्या दारात

बोळिंजचा रुग्ण ‘पुढे’ जातो तो कांदिवलीच्या शताब्दीला, कूपरला, नायरला, केईएमला. मुंबई महापालिकेनं २०२४-२५मध्ये आरोग्यासाठी ७,००० कोटींहून अधिक रकमेची तरतूद केली होती. शतकभर त्या शहरानं रुग्णालयं पोसली आणि आसपासच्या जिल्ह्यांनी त्यांचा आधार घेतला. पण २०२५मध्ये मुंबईबाहेरच्या रुग्णांकडून वेगळं शुल्क घेण्याचा विचार त्या महापालिकेत पुढे आला. विरारहून रोज चर्चगेटला जाऊन मुंबई चालवणाऱ्या माणसाला हे बोचणं साहजिक आहे. तरी मुंबईचा प्रश्नही खरा आहे: शेजारच्या शहरांनी आपली रुग्णालयं का उभारली नाहीत?

उत्तराचा एक भाग वसईच्या खाडीपलीकडे दिसतो. मीरा-भाईंदर महापालिकेनं भाईंदरला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय बांधलं. इमारत झाली, पण चालवण्याचा खर्च महापालिकेला पेलवेना, आणि शेवटी ते राज्य सरकारच्या स्वाधीन करावं लागलं. बांधण्याचा खर्च एकदाच येतो, चालवण्याचा दरवर्षी.

दुसरा भाग पालघरला दिसतो. ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. जिल्हाधिकारी कार्यालयाची देखणी संकुलं उभी राहिली. जिल्हा रुग्णालयाची घोषणा झाली, इमारतीचं कामही सुरू झालं, पण जिल्ह्याची पहिली दहा वर्षं स्वतःच्या चालत्या जिल्हा रुग्णालयाशिवाय गेली. जव्हार-मोखाड्याची बाई नाशिकला, डहाणू-तलासरीची वापी-वलसाडला किंवा सिल्वासाला, वसईची मुंबईला. एका जिल्ह्याचे रुग्ण चार दिशांना पांगतात. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. निर्णय मोठा आणि चांगला. पण जे रुग्णालय तेव्हा सुरूच झालेलं नव्हतं, त्यातल्या निःशुल्क उपचाराचा लाभ कुणी घ्यायचा होता?

काय मागायचं

आपण नागरिक म्हणून चुकीच्या गोष्टी मागत आलो आहोत. आम्ही रुग्णालय मागितलं, तर आम्हाला इमारत मिळाली. आयसीयू मागितला, तर यंत्रं मिळाली. आता मागणी बदलायला हवी.

महापालिकेच्या अर्थसंकल्पात प्रत्येक रुग्णालयापुढे आणि आरोग्य केंद्रापुढे तीन आकडे छापले जावेत: मंजूर पदं, भरलेली पदं आणि रात्रपाळीत प्रत्यक्ष हजर असलेली माणसं. नव्या खाटेला मंजुरी देताना तिच्या परिचारिकांच्या पदांना त्याच ठरावात मंजुरी असावी, नाहीतर खाट मंजूर करू नये. देखभाल आणि विजेच्या तपासणीची रक्कम वेगळी, दुसरीकडे वळवता न येणारी असावी. कंत्राटावर दहा-दहा वर्षं राबलेल्यांना कायम करावं, कारण वस्तीतली ओळख हीच त्यांची खरी पात्रता आहे. विरार पश्चिमेला रात्रभर चालणारं एक प्रसूती व तातडीच्या उपचारांचं केंद्र तरी पूर्ण मनुष्यबळासह असावं.

नर्सिंग होमना यात सामील करून घ्यावं. सरकारनं त्यांच्याकडून रात्रीच्या खाटा ठरलेल्या दरानं, वर्षभराच्या करारानं विकत घ्याव्यात आणि पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेत. बदल्यात दरफलक, परिचारिकांची संख्या आणि आगीचं प्रमाणपत्र यांबाबत तडजोड नसावी. पैसा वेळेवर देणाऱ्यालाच शिस्त मागण्याचा अधिकार पोहोचतो.

आणि या सगळ्याला पैसा कुठून, या प्रश्नाचं उत्तर साधं आहे. राज्यानं राष्ट्रीय धोरणातल्या ८ टक्क्यांच्या वाटेवर दरवर्षी अर्धा टक्का पुढे जावं, आणि तो वाढीव पैसा आधी माणसांच्या पगारावर खर्च करावा. विजय वल्लभमध्ये गेलेल्या १३ जणांच्या घरच्यांसाठी मदत जाहीर झाली. ती मदत सरकारला जाहीर करता आली, म्हणजे पैसा होता. तो आगीनंतर आला. आगीआधी तो वायरी बदलण्यात आणि जागी माणसं ठेवण्यात खर्च झाला असता, तर त्या मदतीची गरजच पडली नसती. पुढच्या अर्थसंकल्पात हा पैसा आधी यावा. महापालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला बोळिंजकरांनी हेच विचारावं, आणि उत्तर लेखी घ्यावं.